टायर निवडताना घरातील आजी आठवावी

गेल्या वर्षीच्या एप्रिल महिन्यातील ही गोष्ट. शहादा तालुक्यातील एक ऊस उत्पादक शेतकरी आपल्या बाहत्तर वर्षांच्या आईला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. आजींना धड बसवत नव्हते, कूस बदलतानाही त्या कळवळत होत्या. पडल्या का, असे विचारले तर मुलगा म्हणाला, "नाही डॉक्टरसाहेब. नातेवाइकांकडे लग्नाला गेलो होतो. येताना गावाजवळच्या गतिरोधकावर गाडी जोरात उसळली. माय मागच्या सीटवर होती. तेव्हापासून पाठ धरली आहे." क्ष-किरण तपासणीत कमरेच्या वरच्या भागातील एक मणका पुढच्या बाजूने दबलेला दिसला. हाडे आतून ठिसूळ झालेली होती, आणि एका उसळीचे निमित्त पुरले.

आजींना वेदनाशामक औषधे, पट्टा, कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व सुरू करून अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. जाता जाता मी मुलाला म्हणालो, "भाऊ, यापुढे गाडी जरा मऊ चालली पाहिजे." एवढेच बोललो, आणि तिथेच माझी चूक झाली.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले तेव्हा आनंदाने म्हणाले, "तुम्ही सांगितले तसे केले. चारही चाकांची हवा बावीसवर आणली. गाडी गादीसारखी चालते. परवा आठ जणांना घेऊन सुरतला जाऊन आलो." मी दवाखान्याबाहेर येऊन गाडी पाहिली. टायरच्या बाजूची भिंत जमिनीलगत फुगून बाहेर आली होती आणि हात ठेववत नाही इतके टायर तापले होते. भर उन्हाळ्यात, आठ माणसांचे वजन घेऊन महामार्गावर त्या अवस्थेत टायर फुटला असता, तर काय झाले असते याची कल्पनाही नको वाटते. रुग्णाला अर्धवट सल्ला देणे किती महाग पडू शकते, हे मला त्या दिवशी नव्याने कळले. त्यानंतर मी या विषयाची माहिती घेतली, ओळखीच्या अनुभवी टायरवाल्याकडे दोन दुपारी बसून राहिलो, आणि जे समजले ते आज आपल्यासमोर ठेवत आहे.

टायरचा आणि वैद्यकाचा जुना संबंध

डॉक्टरने टायरवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु हवेचा टायर व्यवहारात आणला तोच मुळी एका डॉक्टराने, अर्थात गुरांच्या डॉक्टराने. बेलफास्ट येथे पशुवैद्य असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७ साली आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या, कारण खडबडीत रस्त्यावर घन चाकांचे हादरे त्या मुलाला सोसत नव्हते. तशी कल्पना त्याआधी १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसन यांनी मांडली होती. पण ती लोकांपर्यंत पोहोचली ती डनलॉप यांच्यामुळे. म्हणजे घरातील सर्वांत नाजूक प्रवाशाला हादरा बसू नये, या काळजीतूनच हे चाक लोकांच्या वापरात आले.

बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणारी वर-खाली कंपने सर्वांत जास्त जाणवतात. या कंपनांबरोबर मणके, त्यांमधील चकत्या आणि पोटातील अवयव अधिक हलतात. वर्षानुवर्षे असे हादरे सोसणाऱ्या चालकांमध्ये कंबरदुखी अधिक आढळते. पोटात सूज असेल तर हादऱ्याने कळ वाढते. २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मजेशीर वाटणारा, पण उपयुक्त अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अपेंडिक्सची सूज निश्चित झालेल्या ३४ रुग्णांपैकी ३३ जणांनी सांगितले होते की रुग्णालयात येताना गतिरोधकांवर त्यांचे दुखणे वाढले. गतिरोधकावर दुखले म्हणजे अपेंडिक्सच असते, असा याचा अर्थ नाही. मात्र रस्त्याचा धक्का शरीराच्या आत कुठवर पोहोचतो, हे त्यातून दिसते.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न चैनीचा नाही. अक्कलकुवा तालुक्यातील मोलगीकडून देवगोईचा घाट उतरणारी गरोदर स्त्री, धडगावहून चांदसैलीच्या वळणांनी तळोद्याला येणारा अस्थिभंगाचा रुग्ण, पाड्यावरून झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणलेला आजारी माणूस, या सर्वांच्या वाट्याला अखेर कोणाची तरी मोठी गाडी येते. गावात ज्याच्या दारी अशी गाडी असते, त्याला रात्री-अपरात्री हाक मारली जातेच. म्हणून त्या गाडीचे टायर ही एका घरापुरती बाब राहत नाही.

आधी जुन्या टायरची तपासणी

रुग्णाची जीभ पाहिल्यावर जसे बरेच काही कळते, तसे जुना टायर पाहिल्यावर गाडीचे दुखणे कळते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल, तर हवा सतत कमी राहिली. मधला पट्टा झिजला असेल, तर हवा जास्त राहिली. एकच बाजू झिजली असेल, तर अलाइनमेंट बिघडली आहे. हात फिरवताना नक्षीत जागोजागी खळगे लागत असतील, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासून घ्यावेत. ते निकामी झाले असतील तर कितीही महाग टायर घातला तरी गाडी डोलतच राहील, आणि नवा टायरही काही महिन्यांत तसाच झिजेल.

टायर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांची कामे वेगळी आहेत. बारीक खडी, डांबराची ठिगळे, पुलावरचे सांधे यांचा तीक्ष्ण, थरथरता धक्का टायरमधील हवा आणि त्याची बाजूची भिंत गिळते. मोठा खड्डा किंवा गतिरोधक मात्र स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांनाच झेलावा लागतो. थरथर जास्त असेल तर संशय टायरवर घ्यावा. गाडी एकदा उसळून दोन-तीन वेळा झुलत असेल तर तो शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर घ्यावा. निदान आधी आणि उपचार नंतर, हा नियम येथेही लागू आहे.

मोठ्या रिमचा मोह

आमच्या शेतकरी बंधूंच्या गाडीची खरी अडचण वेगळीच निघाली. गाडीला मुळात २३५/६५ आर १७ या मापाचे टायर होते. दोन वर्षांपूर्वी पुतण्यांच्या आग्रहावरून त्यांनी झळाळत्या वीस इंची अलॉय रिम आणि २५५/४५ आर २० मापाचे टायर बसवले होते. या आकड्यांचा अर्थ प्रत्येक गाडीमालकाने एकदा समजून घ्यावा. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे, ते सांगतो. 'आर' म्हणजे रेडियल, आणि शेवटी रिमचा व्यास इंचांत असतो.

आता हिशेब करू. मूळ टायरच्या भिंतीची उंची २३५ च्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १५३ मिलिमीटर. नव्या टायरची २५५ च्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे ११५ मिलिमीटर. चाकाचा एकूण व्यास दोन्ही वेळा जवळपास तेवढाच, सुमारे ७३७ मिलिमीटर. म्हणून गाडीची उंची बदलली नाही, मीटरही बरोबर चालला, आणि काही बिघडले आहे असे कोणाला वाटले नाही. परंतु रस्ता आणि माणूस यांच्यामधील हवेची गादी जवळजवळ चार सेंटिमीटरने पातळ झाली होती. पातळ भिंतीच्या टायरवर खड्ड्यात रिम वाकण्याची आणि भिंतीला फुगा येण्याची भीतीही वाढते.

आरामशीर प्रवास हवा असेल तर पहिला नियम असा: गाडी-निर्मात्याने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापांपैकी, लहान रिम आणि उंच भिंत असलेले माप निवडावे. निर्मात्याने मान्य न केलेले माप कोणीही कितीही सुचवले तरी घेऊ नये.

नक्षी कोणती, भार किती

मोठ्या गाड्यांच्या टायरमध्ये स्थूलमानाने तीन जाती असतात. हायवे टेरेन हे डांबरी रस्त्यासाठी असतात. त्यांची नक्षी बारीक, आवाज कमी आणि चाल मृदू. ऑल टेरेन टायरची नक्षी खोल व ठोकळेदार असते. कच्च्या रस्त्यावर पकड चांगली, पण डांबरावर थोडा घुमणारा आवाज आणि किंचित ताठपणा. मड टेरेन हे चिखलासाठीच असतात; कुटुंबाच्या गाडीला त्यांची सहसा गरज नसते.

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या पट्ट्यात डांबरी रस्त्यावर ज्यांचा बहुतेक प्रवास होतो, त्यांनी हायवे टेरेन निवडावेत. शेतात जाण्यासाठी महिन्यातून चार वेळा कच्ची वाट तुडवावी लागते म्हणून रोज कानाशी घरघर घेऊन फिरण्यात अर्थ नाही. ज्यांचे राहणेच अक्राणीच्या डोंगरात आहे आणि पावसाळ्यात पाड्यापर्यंत गाडी न्यावी लागते, त्यांना मात्र ऑल टेरेन योग्य ठरतील. त्यातही फार आडदांड नक्षी टाळावी. तेथे चिखलात न घसरणे हाच खरा आराम होय.

मापाच्या पुढे आणखी एक आकडा व अक्षर असते, उदाहरणार्थ '१०४ एच'. हा आकडा भार-निर्देशांक होय. १०४ म्हणजे एका टायरने ९०० किलो पेलणे, १०१ म्हणजे ८२५ किलो. अक्षर वेगमर्यादेचे असते. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. आमच्या बंधूंच्या मूळ टायरवर १०४ होते आणि दिमाखदार टायरवर १०१. चार चाकांत मिळून तीनशे किलोंची क्षमता घटली होती, आणि त्यावर आठ माणसे बसत होती. निर्मात्याने सांगितलेल्या निर्देशांकापेक्षा खाली कधीही जाऊ नये. उगाच फार वरही जाऊ नये. 'एक्स्ट्रा लोड' प्रकारचे किंवा हलक्या मालवाहू वाहनांचे टायर सहसा अधिक ताठ असतात आणि पाठीला ते जाणवते.

औषधाची मुदत पाहतो तशी टायरची जन्मतारीखही पाहावी. बाजूच्या भिंतीवर अंडाकृती चौकटीत चार अंक असतात. २३२४ असे लिहिले असेल, तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. सवलतीत मिळणारा टायर तीन-चार वर्षे गोदामात पडलेला नाही ना, याची खात्री करावी. रबर वयाबरोबर कडक होते. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर टायर जाणकाराकडून दरवर्षी तपासून घ्यावा. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरची मर्यादा दाखवतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलण्यास एक दिवसही उशीर करू नये. आयएसआय चिन्ह पाहण्यास विसरू नये.

हवा: मात्रा चुकली तर औषधही विष

आता त्या बावीस पीएसआयकडे वळू. हवा कमी केली की गाडी मऊ वाटते, हे खरे आहे. परंतु वर सांगितलेल्या मापाचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४३० फेरे घेते. ताशी ८० च्या वेगाला मिनिटाला पावणेसहाशेच्या आसपास. प्रत्येक फेऱ्यात बाजूची भिंत दबते आणि उलगडते. हवा कमी असेल तर ती जास्त दबते, आतून तापते, थर सुटू लागतात आणि शेवटी टायर फुटतो. भार, वेग आणि खानदेशातला वैशाख एकत्र आले की धोका अनेक पटींनी वाढतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांची राज्यभर चर्चा झाली आणि परिवहन विभागाला तेथे टायरची तपासणी हाती घ्यावी लागली, हे आपल्याला आठवत असेल.

हवा किती असावी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. अनेक गाड्यांवर दोन आकडे असतात: नेहमीचा आणि पूर्ण भाराचा. घरातील सर्व मंडळी व सामान घेऊन निघताना दुसरा आकडा पाळावा. टायरच्या भिंतीवर छापलेला कमाल दाब हा भरण्याचा आकडा नव्हे. त्याचप्रमाणे गरजेपेक्षा जास्त हवाही नको. ती पाठ आणि टायर दोघांनाही दंड करते.

हवा सकाळी, गाडी चालण्यापूर्वी तपासावी. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने वाढतो. मे महिन्यात दुपारी, वीस किलोमीटर चालून आल्यावर वाढलेला आकडा पाहून पुष्कळ जण हवा सोडतात. पहाटे टायर थंड झाला की तोच टायर उपाशी असतो. ताप चढलेला असताना वजन-उंचीचे निष्कर्ष काढू नयेत, तसेच हे. नायट्रोजनचा आग्रहही आवश्यक नाही. साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंधरा दिवसांतून एकदा तपासणी करणे हेच महत्त्वाचे, आणि त्यात स्टेपनीही मोजावी.

बसवताना आणि बसताना

शक्य असल्यास चारही टायर एकाच जातीचे व एकाच वेळी घ्यावेत. दोनच घेणे परवडत असेल तर नवे टायर मागच्या चाकांना लावावेत. ओल्या रस्त्यावर मागील बाजू घसरली तर गाडी सावरणे अवघड जाते. टायर बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले तर बॅलन्सिंग पुन्हा पाहावे. साधारण दहा हजार किलोमीटरनंतर चाकांची अदलाबदल करावी. पहिले दोन-तीनशे किलोमीटर नव्या टायरवर बेताने चालवावे.

यानंतरही एक गोष्ट उरते, ती म्हणजे कोण कोठे बसते. आपल्याकडे पाहुण्यांना पुढे बसवून घरातील आजी-आजोबांना मागच्या सीटवर सरकवण्याची पद्धत आहे. ती मागची सीट मागील चाकांवर किंवा त्यांच्याही मागे असते आणि सर्वांत मोठी उसळी तेथेच बसते. वृद्ध, गरोदर स्त्री, पाठीचा किंवा शस्त्रक्रियेचा रुग्ण यांना मधल्या ओळीत किंवा पुढे बसवावे, पट्टा लावावा आणि कमरेमागे लहान उशी द्यावी. मागे बसायचेच असेल तर धडधाकट पुतण्यांनी बसावे! दर तास-दीड तासाने सर्वांनी उतरून चार पावले चालावे, आणि लांबच्या प्रवासानंतर लगेच वाकून जड पिशव्या उचलू नयेत.

गतिरोधकावर वेग हेच खरे औषध आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, आणि तोही ताशी २५ किलोमीटर वेगासाठीच. गावोगावी रातोरात उभे राहिलेले अरुंद उंचवटे तर त्याहून कितीतरी तीव्र. ते चालण्याच्या वेगानेच ओलांडावेत.

काही प्रसंगी मात्र उत्तम टायरवरही भरवसा ठेवू नये. प्रवासातील धक्क्यानंतर पाठीत तीव्र कळ आली, पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बाळंतपणाच्या कळा, रक्तस्राव, अपघात अशा वेळी प्रथम १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत काय करावे हेही तेथून सांगितले जाते. आणि साठी ओलांडलेल्या स्त्रियांच्या हाडांची तपासणी, 'ड' जीवनसत्त्व, आहारातील दूध, नाचणी, तीळ, रोजचे चालणे यांकडे लक्ष द्यावे. आतला कणा कमजोर असेल तर बाहेरची गादी किती पुरणार?

त्या शेतकरी बंधूंनी मूळ सतरा इंची रिम घरच्या कोठारातून शोधून काढले. एक वाकलेला होता, तो बदलला. त्यावर हायवे टेरेन टायर बसवले, मागचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवे टाकले, हवा पट्टीवरील आकड्याप्रमाणे भरली. पुतणे काही दिवस रुसले होते म्हणतात.

आजींचा मणका सुमारे तीन महिन्यांत दुखायचा थांबला. वाकणे किंचित राहिले आहे, ते राहीलच. दिवाळीनंतर त्या तपासणीसाठी आल्या तेव्हा मी विचारले, "आजी, आता गाडी कशी चालते?" त्या म्हणाल्या, "गाडीचं मला काय कळतं भाऊ? पण आता मी पुढे बसते, आणि रस्ता दिसतो." मुलाने लगेच सांगितले की गेल्या महिन्यात शेजारच्या सुनेला बाळंतपणासाठी रात्री याच गाडीतून ग्रामीण रुग्णालयात नेले, कारण पावसात रुग्णवाहिका पलीकडच्या गावात अडकली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. निघण्यापूर्वी त्यांनी विजेरी लावून चारही टायर पाहिले होते.